जमिनीखालचा पहारा

(पर्यावरण दिनानिमित्त शाळेत केलेले भाषण)



तुमच्यापैकी कोणी चंद्रपूरला किंवा वणीला गेले आहे का? त्या भागात कोळशाच्या खाणी आहेत. आज मात्र मी तुम्हांला फार दूरच्या खाणींची गोष्ट सांगणार आहे. देश आहे नेदरलँड्स. नेदरलँड्स म्हटले, की तुम्हांला पवनचक्क्या आठवतील, समुद्राला घातलेले बांध आठवतील. पण त्या देशाच्या अगदी दक्षिणेला लिंबुर्ग नावाचा प्रांत आहे. तेथील जमिनीच्या पोटात कोळसा होता. केर्क्राडे, हेर्लेन, ब्रुन्सुम ही तिथली खाणींची गावे.

कल्पना करा. तुम्ही लोखंडी पिंजऱ्यात उभे आहात. पिंजरा खाली चालला आहे. आपल्या विहिरी किती खोल असतात? इथे तर शेकडो मीटर खाली जायचे! खाली मिट्ट काळोख, उकाडा आणि धूळ. डोक्यावर दगडाचे छत. ते खाली येऊ नये म्हणून लाकडाचे खांब लावलेले.

छत कोसळण्याची भीती तर असतेच. पण दुसरी एक भीती डोळ्यांना दिसत नाही. कोळशाच्या थरांत एक वायू अडकलेला असतो. त्याला रंग नाही, वास नाही. हवेत तो पुरेसा मिसळला आणि एक ठिणगी पडली, की स्फोट! इंग्लंडमधील शास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही यांनी १८१५ साली यावर एक दिवा शोधून काढला. त्याच्या ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी असे. आतली आग जाळीबाहेर जात नसे. शिवाय वायू साचला, की ज्योतीवर निळसर कड दिसे. मजूर ती पाहून मागे फिरत.

पण जाळी फाटली आहे का, हे कोणी पाहायचे? खांब पुरेसे लावले आहेत का? खाली ताजी हवा पोहोचते का? मालकाला कोळसा हवा असतो. मजुराला रोजी हवी असते, म्हणून तो बोलत नाही. तेव्हा तिसरा कोणीतरी हवा. या भागावर नेपोलियनचे राज्य असताना १८१० साली खाणींचा कायदा झाला. खाण कोणाचीही असो, तिच्यावर सरकारी देखरेख राहील, असे त्यात ठरले. नेदरलँड्समधील खाण-तपासणीचे कार्यालय आपला जन्म तेव्हापासून मोजते. आपल्याकडेही असे खाते १९०२ साली सुरू झाले. त्याचे मुख्य कार्यालय आज धनबादला आहे.

पुढे नेदरलँड्सच्या सरकारने स्वतःच चार मोठ्या खाणी काढल्या. सरकारच मालक आणि सरकारच तपासनीस! त्यांपैकी हेंड्रिक ही खाण ब्रुन्सुमला होती. १३ जुलै १९२८ रोजी तिच्यात वायूचा स्फोट होऊन १३ माणसे गेली. २४ मार्च १९४७ रोजी त्याच खाणीत आग लागली. पुन्हा १३ माणसे गेली. नियम होते, तपासनीस होते, तरीही. नियमांच्या पुस्तकातील पुष्कळशी कलमे अशा अपघातांनंतरच लिहिली गेली आहेत, बरे का!

१९५९ साली त्या देशाच्या उत्तरेला नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला. बाहेरचा कोळसाही स्वस्त मिळू लागला. १७ डिसेंबर १९६५ रोजी मंत्री योप डेन आउल हेर्लेनला आले आणि खाणी बंद होणार, असे त्यांनी जाहीर केले. हजारो मजुरांचे काम जाणार होते. १९७४ च्या अखेरीस शेवटची खाण बंद झाली. दगडमातीचे काळे ढिगारे हलवले, झाडे लावली. विल्हेल्मिना खाणीच्या ढिगाऱ्यावर तर आज बर्फावरून घसरण्याचे मोठे क्रीडागृह आहे!

मग तपासनीसांचे काम संपले का? नाही. कोळसा काढला, तेथे पोकळी राहिली. खाणीत झिरपणारे पाणी यंत्रांनी उपसावे लागे. १९९४ साली तो उपसा थांबला आणि पाणी हळूहळू वर चढू लागले. २०११ साली हेर्लेनमधील एका मोठ्या बाजार-इमारतीखालची जमीन खचू लागली. माणसांना वेळीच बाहेर काढले. इमारतीचा काही भाग पाडावा लागला. तज्ज्ञांनी शोध घेतला, तेव्हा बोट जुन्या खाणकामाकडेच गेले.

तिकडे उत्तरेला, ग्रोनिंगन भागात, वायू काढून काढून जमीन हादरू लागली होती. घरांच्या भिंतींना तडे गेले. १६ ऑगस्ट २०१२ रोजी हाउझिंगे गावाजवळ ३.६ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याच तपासणी कार्यालयाने २०१३ च्या जानेवारीत सरकारला सांगितले, वायू काढणे शक्य तितक्या लवकर कमी करा. सरकारने ऐकले का? त्या वर्षी उलट आदल्या वर्षापेक्षा जास्त वायू काढला गेला! वायू विकून पैसा मिळत होता ना! लोक बोलत राहिले, तपासनीस सांगत राहिले. अखेर १ ऑक्टोबर २०२३ रोजी ते काम थांबले. मधली दहा वर्षे तडे गेलेल्या घरांत मुले झोपत होती.

आणि हेर्लेनच्या खाणींतले ते पाणी? खोल जमिनीतले पाणी कोमट असते. २००८ पासून ते नळांनी वर आणून तिथल्या काही इमारती हिवाळ्यात उबदार ठेवल्या जातात. ते किती वर चढले, याचीही मोजणी चालू आहे.