राखीव जागा उठल्यावर मागे काय उरते?

(धाराशिव येथे शेतकरी व कारागीर मंडळींपुढे केलेले भाषण)

निवडणुकीआधी उमेदवार आपल्या दारी येतो व निवडणुकीनंतर आपण त्याच्या दारी जातो, हे सर्वांस ठाऊक आहे. आज आम्ही निराळाच प्रश्न पुढे ठेवतो. एखादी जागा स्त्रियांसाठी किंवा दलितांसाठी राखतात. पुढे ती खुली होते. मग मागे काय उरते?

हा प्रश्न परक्याचा नव्हे. १९१९ च्या कायद्याने मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात मराठे व तत्सम जातींसाठी ७ जागा राखल्या गेल्या. नांगरधाऱ्यालाही राज्यकारभारात बसण्याचा हक्क आहे, ही मागणी आपल्याच चळवळीची होती. आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात असल्यामुळे त्या जागा आपल्या वाट्याला आल्या नाहीत. सर्व प्रौढांच्या मताने आपण प्रतिनिधी निवडला तो १९५२ साली.

आता एका विद्वानाचे काम ऐका. रिखिल भावनानी हे अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातले राज्यशास्त्राचे अभ्यासक. त्यांनी मुंबई महापालिकेच्या निवडणुका तपासल्या. तेथे स्त्रियांचे राखीव वॉर्ड चिठ्ठ्या टाकून ठरत व दर निवडणुकीला बदलत. शेतकऱ्याला ही रीत चटकन समजेल. एकाच रानातले वाफे. चिठ्ठी टाकून काहींना खत घातले, काहींना नाही. पुढल्या साली खत बंद केले आणि पीक मोजले. भावनानींनी २००२ साली खुले असलेले वॉर्ड घेतले. त्यांपैकी जे १९९७ साली राखीव होते, तेथे स्त्री निवडून येण्याची शक्यता इतर वॉर्डांच्या सुमारे पाचपट निघाली. हे संशोधन २००९ साली छापले गेले.

असे का झाले? जी बाई एकदा निवडून आली, तिला कारभार कळला, लोक ओळखू लागले, ती पुन्हा उभी राहिली. आणि बाईला तिकीट दिले तरी जागा हातची जात नाही, हे पक्षांना उमगले.

परंतु त्याच अभ्यासकाने २०१७ साली दुसरा शोध मांडला. राज्यांच्या विधानसभांतील अनुसूचित जातींच्या राखीव जागा खुल्या झाल्यावर काय घडले, हे त्यांनी पाहिले. तेथे खताचा अंश उरलेला दिसला नाही. राखण उठली आणि दलित उमेदवाराची वाटही बंद झाली.

दूर कशाला जावे? आपला लोकसभा मतदारसंघ कित्येक निवडणुका अनुसूचित जातींसाठी राखीव होता. २००४ साली येथून कल्पना नरहिरे निवडून आल्या. नव्या पुनर्रचनेने २००९ साली जागा खुली झाली. त्यानंतर पद्मसिंह पाटील, रवींद्र गायकवाड आणि दोन वेळा ओमप्रकाश राजेनिंबाळकर निवडून आले. त्यांच्या योग्यतेविषयी आम्हांस काही म्हणावयाचे नाही. परंतु २००९ ते २०२४ या चार निवडणुकांत एकही दलित किंवा एकही स्त्री येथून लोकसभेत गेली नाही, ही गोष्ट कोणी नाकारील काय?

कायदा दार उघडून देतो. ते उघडे ठेवणे मतदाराच्या हाती असते. १९१९ साली ज्यांनी स्वतःसाठी ७ जागा मिळवल्या, त्यांच्या नातवंडांनी खुल्या जागेवर दुसऱ्याला उभे राहू न देणे, ही कोणती सत्यशोधकी? काल भटशाहीला विचारलेला सवाल आज महार, मांग, चांभार बांधव आपल्याला विचारतील, तेव्हा खाली मान घालण्याची पाळी येऊ नये.

सबब आमचे सांगणे थोडके आहे. ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत, आणि आरक्षण फिरते असल्याने आजचा राखीव वॉर्ड उद्या खुला होईल. ज्या बाईने पाणी आणले, शाळेचे छप्पर घातले, तिला त्या वेळी घरी बसवू नका. तिच्या नावावर नवरा सह्या करीत असेल, तर ग्रामसभेत उठून विचारा. तिकीट वाटणाऱ्यांना आधीच बजावा की, सुतार, कुंभार, परीट किंवा दलित उमेदवार लायक असेल, तर खुल्या जागेवरही आम्ही त्याला मत देऊ.

राखीव जागा हे आपल्याला दिलेले बियाणे आहे. ते खाऊन संपवायचे की पेरून वाढवायचे, हे बंधुभगिनींनो, आपणच ठरवावयाचे आहे.