मुलाखतीतला पहिला प्रश्न



आजचा विषय वाचून वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय यावे, सहकार यावा, शेती यावी. हे ‘प्रॉडक्ट मॅनेजर’ प्रकरण मध्येच कुठून आले? परंतु आपल्या गावची मुले आज शेगावच्या, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकतात आणि सुटीत घरी आली की याच नोकरीच्या गोष्टी बोलतात. ती काय बोलतात हे आईबापांना कळावे, आणि मुलांनाही दोन शब्द उपयोगी पडावेत, एवढाच आमचा हेतू आहे.

प्रथम ही नोकरी समजून घेऊ. मोठ्या संगणक कंपनीत प्रोग्रॅम लिहिणारे इंजिनिअर निराळे, पडद्यावरची मांडणी करणारे निराळे, विक्री पाहणारे निराळे. काय बनवायचे, कोणासाठी, कशासाठी आणि आधी कोणते, हे ठरवून या सर्वांना एका वाटेने नेणे हे प्रॉडक्ट मॅनेजरचे काम. गंमत अशी की यांपैकी बहुधा कोणीच त्याच्या हाताखाली नसते. हुकूम चालत नाही. पटवून द्यावे लागते.

ही कल्पना काही कालपरवाची नव्हे. १९३१ साली अमेरिकेतील प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत साबणाचे काम पाहणाऱ्या नील मॅकेलरॉय यांनी एक टिपण लिहिले. मालाच्या प्रत्येक छापासाठी एक जबाबदार माणूस हवा, आणि खप कोठे व का घटला हे त्याने बाजारात जाऊन शोधावे, असा त्याचा आशय होता. आपल्याकडे तर त्याच्याही आधीचे उदाहरण आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला. नांगर चांगला होता. पण लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपायला सुमारे दोन वर्षे लागली. माल घडवणे हे अर्धेच काम. तो वापरणाऱ्याचे मन जाणणे हे उरलेले अर्धे.

आता मुलाखतीकडे येऊ. ती एकाच बैठकीत उरकत नाही. निरनिराळी माणसे, प्रत्येकी पाऊण तासाच्या सुमारास, पाळीपाळीने बोलतात. कोणी एखादी वस्तू योजायला सांगतो. कोणी अंदाज विचारतो: एस.टी. स्टँडवर दिवसाला किती कप चहा खपत असेल? तेथे नेमका आकडा नको असतो. किती गाड्या, किती उतारू, त्यांतले किती चहा घेणारे, ही पायरीपायरीची मांडणी हवी असते. कोणी विचारतो, सहकाऱ्याशी मतभेद झाला तेव्हा तुम्ही काय केलेत? पूर्वी कोडी घालण्याची पद्धत होती. परंतु कोड्यांवरून माणसाची पारख होत नाही, असे गूगलच्या मनुष्यबळ विभागाच्या प्रमुखांनी २०१३ साली उघडपणे सांगितले.

येथे आमचीच एक फजिती सांगतो. एका मोठ्या कंपनीत आम्हांला विचारले गेले, “शेतकऱ्याला बाजारभाव सांगणारे अ‍ॅप कसे कराल?” आम्ही तयारी घोकून गेलो होतो. लगेच सुरू झालो: आलेख देऊ, हवामान देऊ, दहा भाषा देऊ! समोरच्या बाईंनी शांतपणे विचारले, “कोणत्या शेतकऱ्यासाठी?” आणि आम्ही गप्प झालो.

बंधूंनो, आम्ही कोणाच्या घरचे? कापूस पिकवणाऱ्याच्या! भाव ठाऊक नसणे ही आमच्या वडिलांची अडचण कधीच नव्हती. भाव गावभर ठाऊक असे. अडचण अशी की भाड्याची गाडी करून कापूस बाजारात नेला, तेथे ओलावा जास्त म्हणून भाव पाडला, तर माल परत आणता येत नसे. परतीचे भाडे कोण भरणार? दुकानदाराची उधारी कशी फेडणार? म्हणजे भाव कळायचा तो गाडी भरण्याआधी, आणि तोही आपल्या मालाच्या ओलाव्याप्रमाणे. हे उत्तर आमच्या घरात होते. पण खेड्यातले आहोत हे दिसू नये या धडपडीत आम्ही ते घरीच ठेवून गेलो. आमची निवड झाली नाही, आणि ते योग्यच झाले. पुढे दोन वर्षांनी एका लहान कंपनीत हे काम मिळाले. तेथे मात्र उत्तर देण्यापूर्वी आम्ही विचारले, “हे कोणासाठी?”

दुसरी गोष्ट प्रामाणिकपणाची. सुंदर पिचाई यांची गूगलमधली मुलाखत १ एप्रिल २००४ रोजी झाली. त्याच दिवशी जीमेल जाहीर झाले होते. जीमेलबद्दल त्यांचे मत विचारले गेले. त्यांना ती एप्रिल फूलची थट्टा वाटली, आणि आपण ते वापरलेले नसल्याने मत देता येत नाही, असे त्यांनी सांगितले. अखेर एकाने ते उघडून दाखवले. तेव्हा पुढच्या माणसाला ते मत देऊ शकले. हे त्यांनी स्वतःच पुढे सांगितले आहे. ठाऊक नसेल तर नाही म्हणावे, पाहिल्यावर बोलावे.

तरुण मित्रांनो, तयारीसाठी महागडे वर्ग लावण्याआधी एक करा. ई-सेवा केंद्रात तासभर बसा. पीकविम्याचा अर्ज भरताना माणूस कोठे अडतो, ते वहीत टिपा. २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणीचे अ‍ॅप आले; आपल्या शेजारच्या काकांना शेतात ते वापरताना पाहा. मदतीला धावू नका, आधी पाहा. बोट कोठे थबकते? फोन मुलाच्या हाती कधी जातो? अशा दहा नोंदी साध्या, छोट्या इंग्रजी वाक्यांत सांगता आल्या, तर तुमच्यापाशी सांगण्याजोगे काही आहे हे समोरच्याला कळेल.

आणि पालकांनो, जागा थोड्या असतात, उमेदवार फार. चांगली मुलेही परत येतात. मुलगा किंवा मुलगी नकार घेऊन घरी आली, तर “किती पगार होता?” असे आधी विचारू नका. “काय विचारले होते?” असे विचारा. कदाचित त्या प्रश्नाचे उत्तर तुम्हांलाच ठाऊक असेल.