‘पाठलाग’ पुन्हा पाहताना

राजा परांजपे दिग्दर्शित ‘पाठलाग’ हा मराठी चित्रपट १९६४ सालचा, कृष्णधवल. एका वकिलाची बायको वारलेली. पुढे कोर्टात एक आरोपी स्त्री उभी राहते, हुबेहूब तिच्यासारखी, आणि म्हणते, “मीच तुमची बायको!” वर केवळ नवरा-बायकोलाच ठाऊक असलेल्या गोष्टी सांगू लागते. वकील झालेल्या काशिनाथ घाणेकरांच्या चेहऱ्यावरची घालमेल मग आपलीच होते. १९६६ मध्ये राज खोसलांनी याच कथेवर हिंदीत ‘मेरा साया’ काढला.

रहस्य कळल्यावरही हा चित्रपट शिळा होत नाही. मला वाटतं, दुसऱ्यांदा पाहताना आपण उत्तर शोधत नाही. नायिका भावना यांचे डोळे पाहतो. तीच नजर, तेच शब्द, पण आता अर्थ वेगळा लागतो. उत्तर मात्र इथे सांगत नाही, कारण काहींनी तो अजून पाहिलेला नसेल.