दहा ओळी शुद्धलेखन



संयोजकांनी मला ‘नियमित लिहिण्याची सवय’ हा विषय दिला, तेव्हा मागच्या बाकावरची मंडळी नक्की हसली असणार. शुद्धलेखनाची वही घरी विसरली म्हणून सगळ्यांत जास्त वेळा वर्गाबाहेर उभी राहिलेली मुलगी मीच. बाई समोर बसल्या आहेत, त्यांनाही आठवत असेल.

रोज दहा ओळी, एवढंच काम होतं. मी रविवारी रात्री आठवड्याच्या साठ ओळी एकदम उतरवायची. बाई वही उघडताच ओळखायच्या. सोमवार ते शनिवार शाई एक, अक्षरही एकाच दमातलं!

पुढे कितीतरी वर्षं मी तेच करत राहिले. दर जानेवारीला नवी डायरी. संक्रांतीपर्यंत पानं भरलेली, पुढे दुधाचा हिशेब. निवांतपणा मिळाला की एकदम बैठक मारून लिहू, असं म्हणायचं. त्यासाठी मी साने गुरुजींचाही आधार घ्यायची. १९३३च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ पाच दिवसांत लिहून काढली. म्हणजे यायचं तेव्हा लिखाण आपोआप येतं, नाही का? पण त्याआधी अमळनेरला शिक्षक असताना ते वसतिगृहातल्या मुलांसाठी स्वतःच्या हाताने लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढायचे, हे मी सोयीस्करपणे विसरायची. तुरुंगात लिहायला बसले तो हात आधीच सरावलेला होता.

माझी वही खरी सुरू झाली ती आईमुळे. ऐंशी ओलांडल्यावर तिला सकाळी काय जेवलो ते आठवेना, पण माहेरचं सगळं लख्ख. रात्रीच्या गोळ्या घेतल्या की ती बोलू लागायची. मी ठरवलं, त्यातलं दहा ओळी लिहायचं. वही गोळ्यांच्या डब्याखालीच ठेवली आणि पेन दोऱ्याने तिलाच बांधलं, कारण घरात पेन जागेवर राहत नाही. गोळी चुकवून चालत नव्हतं, म्हणून वहीही चुकेना. वेळ ठरवून जे जमलं नव्हतं, ते या डब्याने जमवलं.

दहा ओळी झाल्या की थांबायचं, गोष्ट अर्धी असली तरी. मग दुसऱ्या दिवशी ‘काय लिहू’ हा प्रश्न पडत नाही. खाडाखोड करायची नाही. आई गप्प असेल त्या दिवशी भाजी काय केली, पाऊस किती वाजता आला, ते लिहायचं. खरं सांगते, आज त्या भाजीच्या ओळीच मी पुन्हापुन्हा वाचते. पहिला महिना मात्र जड गेला. लिहिलेलं इतकं सामान्य वाटायचं की वही फाडावीशी वाटे.

मग घरात भाचीचं लग्न निघालं. पाहुणे, मांडव, गडबड. ११ दिवस वही उघडली नाही. त्याच गर्दीत एका रात्री आईने सांगितलं, लहानपणी विहिरीवर तिच्या पाठीला वाळका भोपळा बांधून एका मैत्रिणीने तिला पाण्यात ढकललं आणि पोहायला शिकवलं. सांगताना ती इतकी हसली की शेजारी झोपलेली मावशी जागी झाली. मी मनात म्हटलं, हे काय विसरणार आहोत? नंतर लिहू.

गोष्ट लक्षात राहिली. मैत्रिणीचं नाव गेलं. पाहुणे गेल्यावर मी आईला विचारलं, तर म्हणाली, “कोण गं?” मावशीलाही आठवेना. पुढच्या वर्षी आई गेली. आता विचारायला कोणी नाही. वहीत त्या ११ तारखा घालून मी पानं कोरी सोडली आहेत.

त्यानंतर गोळ्यांचा डबा माझा स्वतःचाच आहे, रक्तदाबाचा. वही त्याच्याच खाली असते.

बाई, आज ती सोबत आणली आहे. अक्षर अजून तसंच गिचमिड आहे. पण शाई बघा, रोजची वेगळी आहे.