आईला सांगायचं नाही



संयोजकांनी मला ‘कर्करोगावरचं नवं संशोधन’ हा विषय दिला होता. मी तो जरा वाकवणार आहे. परवानगी मागितली असती तर कदाचित मिळाली नसती, म्हणून मागितली नाही.

माझं काम पेशींवर चालतं. गेली कित्येक वर्षं मी ज्या पेशी वाढवते त्यांचं नाव एमसीएफ-७. स्तनाच्या कर्करोगावर काम करणाऱ्या प्रयोगशाळांत त्या हमखास सापडतात. एमसीएफ म्हणजे मिशिगन कॅन्सर फाउंडेशन, आणि ७ म्हणजे सातवा प्रयत्न. १९७० मध्ये एका कॅथलिक ननच्या छातीत साठलेल्या पाण्यातून त्या काढल्या गेल्या. त्यांच्यात इस्ट्रोजेनचे रिसेप्टर असतात, टॅमॉक्सिफेन दिलं की त्यांची वाढ मंदावते, हे सगळं मला तोंडपाठ आहे. पण ती बाई त्या आजारपणात काय काय सोसत होती, कुणाशी बोलत होती, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो पडला माझ्या आईमुळे.

२०११ मध्ये सांगलीहून दादाचा फोन आला. आईच्या स्तनात गाठ होती, तपासणीत कर्करोग निघाला होता आणि तो यकृतापर्यंत पोचला होता. दादाचं पुढचं वाक्य होतं, “आईला सांगायचं नाही. साधी गाठ आहे असं सांगितलंय. तूही सांभाळून बोल.” मी ‘बरं’ म्हणाले. पेशीविज्ञानात डॉक्टरेट केलेली मी न्यू जर्सीहून दर रविवारी आईला सांगत होते, “काही नाही गं, इंजेक्शनं संपली की होशील हिंडतीफिरती.”

आमच्या घरात त्या आजाराला नाव नव्हतं. ‘ते’ म्हणायचे. “त्यांना ते झालंय.” मामेबहिणीचं लग्न जमत होतं, म्हणून मामाने बजावलं होतं की बाहेर बोलू नका, घराण्यात आहे असं होईल. एका काकूने आईचा कप वेगळा ठेवला. ती काकू शिकलेली आहे, वाईट तर मुळीच नाही.

सात महिन्यांनी आई गेली. नंतर कागदपत्रांसाठी मी मुंबईच्या त्या रुग्णालयात गेले, तेव्हा रात्रपाळीच्या एक मल्याळी सिस्टर भेटल्या. त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, “तुमच्या आईंना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दारावर कर्करोग विभाग अशी पाटी आहे. त्या शिक्षिका होत्या ना?”

आई त्यांच्याशी रात्री दोन-दोन वाजता बोलायची. मुलांना कळू देऊ नका मला कळलंय ते, त्यांना त्रास होईल, असं तिने सांगून ठेवलं होतं. मरणाबद्दल ती फारशी बोलली नाही म्हणे. बोलली ते नातीबद्दल. शस्त्रक्रियेनंतर घरी आल्यावर कुणीतरी दादाच्या दोन वर्षांच्या मुलीला तिच्या मांडीवरून हळूच उचललं होतं, आणि तिथून पुढे रोज काही ना काही निमित्ताने ती नात दुसऱ्याच कुणाकडे असायची. आई सिस्टरना म्हणाली होती, “मला बसतं करायला सगळे धावतात, पोर कुणी देत नाही.”

हे मला सात महिन्यांत, साधारण तीस फोनमध्ये, एकदाही कळलं नाही. फोनवर आमचा विषय हवापाण्याचा.

परत आल्यावर मी वाचायला लागले. माझ्या नेहमीच्या नियतकालिकांत काही सापडेना. सापडलं ते परिचारिकांच्या संशोधनात, ज्याच्याकडे आम्ही प्रयोगशाळावाले जरा नाक मुरडूनच बघतो. अँसेल्म स्ट्राऊस आणि बार्नी ग्लेसर हे दोन समाजशास्त्रज्ञ कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्कोमधल्या नर्सिंग स्कूलमध्ये काम करत होते. तिथल्या परिसरातल्या रुग्णालयांत बसून, बघून, विचारून त्यांनी १९६५ मध्ये ‘अवेअरनेस ऑफ डाइंग’ हे पुस्तक लिहिलं. आपण मरणार आहोत हे रुग्णाला माहीत आहे का, आणि त्याला माहीत आहे हे इतरांना माहीत आहे का, यावरून त्यांनी चार अवस्था सांगितल्या. पहिलीत रुग्णाला पत्ताच नसतो. दुसरीत त्याला संशय असतो. चौथीत सगळे मोकळेपणी बोलतात. तिसरी आमच्या घरची: दोन्ही बाजूंना माहीत आहे, आणि दोन्ही बाजू माहीत नसल्याचं सोंग वठवतात. त्या सोंगाचे नियमसुद्धा त्यांनी टिपलेत. धोक्याचे विषय टाळायचे. कुणाची जीभ घसरलीच तर ऐकलं नाही असं दाखवायचं. वाचताना मला आमची पडवी दिसत होती.

हा आपला भारतीय भित्रेपणा, असं कुणी म्हणेल. तसं नाही. १९६१ मध्ये डोनाल्ड ओकेन यांनी अमेरिकन डॉक्टरांना विचारलं, तेव्हा जवळजवळ ९० टक्के डॉक्टरांनी सांगितलं की कर्करोगाचं निदान आम्ही शक्यतो रुग्णाला सांगत नाही. १९७९ मध्ये तोच प्रश्न पुन्हा विचारला गेला, आणि तेव्हा ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले. अठरा वर्षांत पारडं पूर्ण फिरलं. उपचार सुधारले, कायदा बदलला, स्त्रिया बोलू लागल्या, अशी त्याची बरीच कारणं आहेत. पण आधी कुणीतरी रुग्णाच्या खाटेशी बसून ऐकलं होतं, हेही त्यातलं एक, असं माझं मत आहे.

ऐकणाऱ्यांपैकी एक जीन क्विंट. त्या मुळात परिचारिका. १९६३ मध्ये त्यांनी स्तन काढलेल्या स्त्रियांच्या अनुभवावर ‘अमेरिकन जर्नल ऑफ नर्सिंग’मध्ये लेख लिहिला. त्या काळी इथे रीत अशी होती: बाईला भूल द्यायची, गाठीचा तुकडा तिथल्या तिथे तपासायचा, कर्करोग निघाला तर त्याच भुलीत स्तन काढायचा. शुद्धीवर आल्यावर छातीला हात लावूनच तिला निदान कळे. क्विंटबाईंनी या स्त्रियांना घरी गेल्यावरही गाठलं. त्यांना दिसलं ते असं की बायकांना पुढची भीती बोलून दाखवायची होती, आणि त्यांनी तोंड उघडलं की समोरचा माणूस विषय बदलत होता, मग तो नवरा असो, डॉक्टर असो की खुद्द परिचारिका. पुढे क्विंटबाई स्ट्राऊस-ग्लेसर यांच्या प्रकल्पात काम करू लागल्या, आणि १९६७ मध्ये त्यांनी ‘द नर्स अँड द डाइंग पेशंट’ लिहिलं. त्यात त्यांनी आपल्याच व्यवसायाला प्रश्न विचारला, की मरणाऱ्या माणसाशी बोलायला आपण विद्यार्थिनींना शिकवतो तरी कुठे?

आता तुमच्यातले इंजिनिअर अस्वस्थ झालेले मला दिसताहेत. वीस-तीस बायकांशी बोलून शास्त्र होतं का? मीही हेच म्हणत असे. पण आकड्यांना एक अडचण आहे. आकडा मिळवायला प्रश्न आधी ठरवावा लागतो. ‘नात मांडीवर देतात का?’ हा प्रश्न कुठल्याच प्रश्नावलीत नव्हता, तो आईने स्वतः काढला. गुणात्मक संशोधनात प्रश्न सैल ठेवतात, बोलणं शब्दन् शब्द उतरवून घेतात, एकीचं बोलणं दुसरीच्या शेजारी ठेवून पाहतात, आणि नवं काही निघेनासं झालं की थांबतात. किती जणींना असं होतं, हे त्यातून कळत नाही. ते मोजायचं काम पुढचं. काय मोजायचं ते मात्र कळतं.

आणि भाषा. आमच्या गावातल्या मराठी आजीआजोबांबरोबर मी कधी कधी दुभाषी म्हणून रुग्णालयात जाते. एका आजींना नर्सने विचारलं, शून्य ते दहामध्ये दुखणं किती? आजी म्हणाल्या, “चालायचंच आता.” मुलाने चटकन सांगितलं, “टू.” नर्सने दोन लिहिलं. मी आजींना विचारलं, रात्री कुशीवर वळता येतं का? त्या म्हणाल्या, “चार रात्री खुर्चीत बसून काढल्यात गं.” दोनाचे आठ झाले. तो मुलगा खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच दोन ऐकू आलं होतं.

त्याच मुलाने मला बाहेर गाठून विनंती केली, तो शब्द आईसमोर नको. हे तर मी दर वेळी ऐकते. एप्रिल २०२१ पासून इथे रिपोर्ट तयार झाला की रुग्णाच्या पोर्टलवर दिसू लागतो, पुष्कळदा डॉक्टरने पाहण्याआधी. आजींचा पासवर्ड मुलाकडे असतो, एवढंच. म्हणजे एकीकडे कुणी जवळ बसलेलं नसताना फोनवर येऊन आदळणारा रिपोर्ट, आणि दुसरीकडे आमच्या घरचं सोंग. मला दोन्ही नकोत. किती ऐकायचंय, हे त्या माणसालाच आधी विचारता येतं. काहींना खरंच ऐकायचं नसतं, “मुलाला सांगा” म्हणतात, आणि तेही मान्य करायला हवं. पण त्यांनी तसं म्हटलेलं असायला हवं.

गेल्या महिन्यात दादाचा पुन्हा फोन आला. बाबांची प्रोस्टेटची बायॉप्सी झाली आहे. “इतक्यात बाबांना काही बोलू नकोस,” म्हणाला. मी त्याला म्हटलं, मी काहीच सांगणार नाही, फक्त विचारणार आहे. आमचं थोडं वाजलं.

रविवारी बाबांना विचारलं, “रिपोर्टमध्ये जे काही असेल ते तुम्हाला सगळं सांगू, थोडं सांगू, की दादाशीच बोलू?”

बाबा बराच वेळ गप्प होते. मला वाटलं लाइन गेली. मग म्हणाले, “सगळं सांग. मला कळलंय हे दादाला कधी सांगायचं ते आपण नंतर ठरवू. त्याला लगेच रडू येतं.”

रिपोर्ट येत्या गुरुवारी आहे.