पाळी गेली म्हणजे पीडा गेली?

मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, जॉर्ज टाउनमध्ये साहुकारपेठ आहे. सोन्याचांदीच्या गलाईसाठी सांगली जिल्ह्यातून गेलेली मराठी कुटुंबे तेथे नांदतात. आपल्याकडची ‘पाळी गेली की पीडा गेली’ ही समजूतही माणसांबरोबर सर्वत्र जाते.

बीजकोशांत अर्धवट वाढलेल्या पुटिका साचण्याचा विकार १९३५ साली शिकागोच्या स्टाइन व लेव्हेन्थाल यांनी वर्णिला. गंमत अशी की, पुटिका घटू लागल्याने चाळिशीत अशा स्त्रीची पाळी पुष्कळदा नियमित होते. ती सुखावते. परंतु पुरुषी संप्रेरके ऋतुनिवृत्तीनंतरही पुरती ओसरत नाहीत; हनुवटीवरचे केस राहतात. इन्शुलिनला शरीराने दाद न देणे हा दोषही बहुधा राहतोच, आणि तोच मधुमेहाची वाट मोकळी करतो. तेव्हा साखर व रक्तदाब तपासत राहावे. वर्षभर पाळी थांबल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर गर्भाशयाच्या अस्तराची तपासणी तातडीने करवावी. तेथे कर्करोग असू शकतो.

लाज आड येते, हे खरे. पण जॉर्ज टाउनजवळच्याच मद्रास मेडिकल कॉलेजात १८७५ साली चार स्त्रिया वैद्यक शिकू लागल्या. आज स्त्री डॉक्टर शोधण्यास समुद्र ओलांडावा लागत नाही.