पडद्यावरची शाळा आणि देशोदेशींची परिस्थिती

(मार्केट यार्ड, पुणे येथे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर झालेल्या भाषणाचा पाठ)



गुलटेकडीच्या मार्केट यार्डाचा दिवस सूर्योदयापूर्वी उजाडतो. गावोगावच्या मालाने भरलेल्या गाड्या रात्रीच येऊन थांबतात. पहाटे पोती उतरतात, तोल होतो, आणि शहर जागे होईपर्यंत हमालांच्या पाठीवरून कितीतरी माल गाळ्यांपर्यंत पोहोचलेला असतो. दूरस्थ शिक्षणाच्या विचाराला या ठिकाणाहून आरंभ करणे काहीसे विचित्र वाटेल. परंतु या प्रश्नाचे खरे स्वरूप येथेच अधिक स्पष्ट दिसते.

मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे शाळा बंद झाल्या. राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ हा उपक्रम हाती घेतला आणि पाठ मोबाइल फोनवर येऊ लागले. आता एका हमालाच्या घराची कल्पना करावी. घरात फोन एकच. तो कमावत्या माणसाबरोबर पहाटेच बाहेर पडणार आणि काम आटोपल्यावरच परतणार. सकाळी दहाला पाठ येईल, तेव्हा फोन यार्डात आणि मूल घरी! शिरगणतीच्या कागदावर या घरापुढे ‘फोन आहे’ अशी नोंद होईल. ती नोंद खोटी नाही. पण मुलाच्या शिक्षणाच्या दृष्टीने ती अपुरी आहे. फोन कोणाच्या हाती आणि कोणत्या वेळी असतो, हे त्या नोंदीतून कळत नाही.

साधन तेच असले तरी परिस्थिती बदलली की त्याचा उपयोग बदलतो. जे एका घराच्या बाबतीत खरे, तेच एका राष्ट्राच्या बाबतीतही खरे आहे.

यार्डाने दिलेला धडा

परिस्थिती ओळखून उपाय घडवण्याचे एक उत्तम उदाहरण या बाजाराच्या जीवनातच आढळते. कारखान्यातील कामगाराचा मालक ठरलेला असतो. हमालाचा तसा नसतो. तो सकाळी एका व्यापाऱ्याचे ओझे उचलतो, तर दुपारी दुसऱ्याचे. त्यामुळे कारखान्यासाठी केलेले कायदे त्याला फारसे उपयोगी पडत नव्हते. भविष्यनिर्वाह निधी भरायचा तर तो कोणी? या अडचणीवर १९६९ च्या महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियमाने वेगळा मार्ग काढला. मालक, कामगार आणि शासन यांचे प्रतिनिधी असलेली मंडळे निर्माण करून मजुरी आणि तिच्यावरील लाभांची रक्कम त्यांच्यामार्फत देण्याची व्यवस्था झाली. कायदा कामाच्या स्वरूपाप्रमाणे बेतला गेला, हेच त्याचे वैशिष्ट्य होय. शिक्षणाच्या क्षेत्रात ज्या देशांनी यश मिळवले, त्यांनीही नेमके हेच केले.

देश तसे मार्ग

ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात एका वस्तीपासून दुसरी वस्ती शेकडो किलोमीटर दूर. तेथे मुलांना शाळेपर्यंत नेणे अशक्य होते. परंतु विमानाने वैद्यकीय मदत पोहोचवणाऱ्या सेवेचे दुहेरी संभाषणाचे रेडिओ घरोघर होते. त्यांचाच उपयोग करून १९५१ मध्ये ॲलिस स्प्रिंग्ज येथे ‘आकाशातील शाळा’ सुरू झाली. नवे यंत्र शोधण्यापूर्वी हाताशी असलेल्या यंत्राचा विचार झाला.

मेक्सिकोची अडचण निराळी होती. खेड्यांत मुले होती. परंतु माध्यमिक शाळेसाठी प्रत्येक विषयाचा स्वतंत्र शिक्षक नेमावा इतकी त्यांची संख्या नव्हती. १९६८ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलेसेकुंदारिया’ योजनेत दूरचित्रवाणीवरून पाठ दिला जाई आणि वर्गातला एकच शिक्षक सर्व विषय हाताळी. येथे पडद्याने शिक्षकाला बाजूला सारले नाही, त्याचे ओझे हलके केले.

ब्रिटनमध्ये शाळा भरपूर होत्या. वंचित होते ते विद्यापीठाची संधी हुकलेले प्रौढ नोकरदार. त्यांच्यासाठी १९६९ मध्ये मुक्त विद्यापीठाला सनद मिळाली. १९७१ मध्ये अध्यापन सुरू झाले. प्रवेशासाठी पूर्वपरीक्षेची अट नव्हती, आणि बीबीसीवरील पाठांना घरी पोहोचणाऱ्या छापील पुस्तकांची जोड होती.

दक्षिण कोरियात इंटरनेटचा वेगही होता आणि शिक्षणाची ओढही. तेथील दुखणे होते खासगी शिकवण्यांचा खर्च. महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी पालक कर्जबाजारी होऊ नयेत, म्हणून २००४ मध्ये सार्वजनिक शैक्षणिक वाहिनीने परीक्षेची व्याख्याने इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध करून दिली. उरुग्वेने २००७ मध्ये ‘सेबाल’ योजना आखून सरकारी शाळेतील प्रत्येक मुलाच्या हाती संगणक देण्याचा संकल्प केला. दोन वर्षांत प्राथमिक शाळांपुरता तो पूर्णही केला. परंतु त्या सपाट देशाची संपूर्ण लोकसंख्या पुणे जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी आहे, बहुतेक सर्वत्र वीज आहे आणि दूरसंचार कंपनी शासनाची आहे, हे विसरून चालणार नाही.

यांपैकी कोणत्याही देशाची योजना जशीच्या तशी उचलून दुसऱ्या देशात नेली, तर ती रुजेलच असे नाही. मात्र प्रत्येकाने आरंभी विचारलेला प्रश्न एकच होता : आपल्याकडे नेमके काय कमी आहे, आणि हाताशी काय आहे?

भारताची वाटचाल

भारतानेही हा प्रश्न लवकर विचारला. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. महाराष्ट्र त्यात नव्हता. पण सोलापूरला लागून असलेल्या विजापूर आणि गुलबर्गा या जिल्ह्यांतील खेडी होती. घरोघर संच देणे शक्य नव्हते, म्हणून गावासाठी एक सामुदायिक संच ठेवला गेला. सकाळी मुलांसाठी आणि संध्याकाळी मोठ्यांसाठी, तेथील भाषांत कार्यक्रम प्रसारित होत. गरिबी आणि अनेक भाषा या दोन्ही गोष्टींची दखल या आखणीत होती.

पुढे १९८४ मध्ये पुण्यात शैक्षणिक चित्रफितींसाठी ‘बालचित्रवाणी’ उभी राहिली. ती २०१७ मध्ये बंद झाली. १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि शेतात, कारखान्यात राबणाऱ्यांना मराठीतून पदवीची वाट मोकळी झाली. २०१७ मध्ये केंद्र शासनाचे ‘स्वयम्’, ‘स्वयंप्रभा’ वाहिन्या आणि ‘दीक्षा’ हे मंच आले. पाठ्यपुस्तकांवर क्यूआर संकेत छापले जाऊ लागले.

साधनांची ही वाढ अभिमानास्पद आहे. तथापि २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भारतातील केवळ सुमारे १५ टक्के आणि शहरी भारतातील सुमारे ४२ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय आढळली होती. संगणक तर ग्रामीण भागात शंभरांतील चार-पाच घरांतच होता. अशा स्थितीत २०२० चे संकट आले.

महाराष्ट्रातील अनुभव पाहता, जेथे परिस्थितीची दखल घेतली गेली तेथे मार्ग निघाला. इंटरनेट नसलेल्या घरातही दूरचित्रवाणी संच असू शकतो, हे जाणून २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. पालघर जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांत ध्वनिक्षेपकावरून पाठ ऐकवले गेले. अनेक शिक्षक ओट्यावर, मंदिरात किंवा झाडाखाली चार-सहा मुलांना जमवून शिकवीत राहिले. या उपायांत यंत्राचा थाट नव्हता, पण मूल सुटत नव्हते.

पंचायतीपुढील काम

संकट ओसरले, तरी प्रश्न संपलेला नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाचे मूल, घरकामासाठी शाळा सोडलेली मुलगी, नोकरी सांभाळून पदवी घेऊ इच्छिणारा तरुण यांना पडद्यावरची शाळा पुढेही हवीच आहे. ग्रामपंचायतींपर्यंत इंटरनेट पोहोचवणारा ‘भारतनेट’ प्रकल्प २०११ मध्ये वेगळ्या नावाने मंजूर झाला. तार गावात आली, तरी तिचा उपयोग कोणी, केव्हा व कोठे करायचा, हे दिल्ली किंवा मुंबई ठरवू शकत नाही. ते गावालाच ठरवावे लागेल.

त्यासाठी खर्चाची गरज थोडी आणि विचारपुसीची अधिक आहे. शिक्षक व सदस्यांनी प्रत्येक घरी चार गोष्टी विचाराव्यात. घरात फोन किती? तो दिवसाच्या कोणत्या वेळी घरी असतो? भाऊ आणि बहीण दोघेही शिकत असतील, तर तो कोणाच्या हाती जातो? आणि मूल ज्या भाषेत विचार करते, त्या भाषेत पाठ उपलब्ध आहे काय? उत्तरे वहीत लिहून घेतली, की वेळापत्रक आपोआप बदलेल. जेथे फोन रात्रीच परततो, तेथे पाठ आधी उतरवून ठेवावा लागेल. जेथे मुलीला फोन मिळत नाही, तेथे ग्रामपंचायतीच्या खोलीत किंवा समाजमंदिरात संध्याकाळचा एक तास मुलींसाठी राखावा लागेल. जेथे घरी गोंडी किंवा पावरी बोलली जाते, तेथे पडद्याशेजारी ती भाषा जाणणारा माणूस बसवावा लागेल.

उरुग्वेचा संगणक, कोरियाचा वेग किंवा ब्रिटनचे विद्यापीठ पाहून हुरळून जाण्याचे कारण नाही, तसेच खिन्न होण्याचेही नाही. त्या देशांनी आपापल्या घरातली उणीव मोजली. मार्केट यार्डातून पाठीवरचे ओझे उतरवून हमाल घरी परततो, तेव्हा त्याच्या खिशातला फोन मुलाच्या हाती जातो. त्या वेळी त्या मुलासाठी पाठ तयार असला पाहिजे. राज्याच्या धोरणाची परीक्षा त्या तासाला होणार आहे.